विषय क्रमांक १४: गल्लीतला अंधार नगरपालिकेच्या सभेत कसा न्यायचा

आमच्या गल्लीच्या मागून नाला जातो आणि नाल्याच्या कडेने बसस्थानकाकडे जाणारी वाट. खांब बारा, दिवे पेटायचे तीन. नाल्यावरचे ढापे दोन ठिकाणी गायब. रात्रीच्या शेवटच्या एसटीने उतरणाऱ्या मुली मोबाइलची बॅटरी लावून, घरच्यांशी फोनवर बोलत बोलत यायच्या. आम्ही तक्रारी भरपूर केल्या. नगरसेवकांना फोन, व्हॉट्सॲपवर फोटो, मग "बघतो", मग "माणूस पाठवतो". माणूस यायचाही. शिडी लावून एक दिवा बदलायचा आणि पहिल्या जोरदार पावसात तो दिवा परत जायचा. अशी दोन वर्षं गेली.

मग पालिकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी चहा पिता पिता सांगितलं, "अहो, तुम्ही तक्रार करताय. तक्रार निकाली निघते. काम मंजूर व्हायला सभेपुढे विषय लागतो. तुम्हाला नक्की काय हवंय?"

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. दिवा बदलणं ही तक्रार आहे. नऊ नवे दिवे, नवी केबल आणि साठ फूट गटारीवर ढापे हा खर्चाचा निर्णय आहे. तो कोणाच्या फोनवर होत नाही, ठरावाने होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे.

हे मार्गदर्शन नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेल्या गावांसाठी आहे. त्यांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. महानगरपालिकांचे कायदे वेगळे, मुंबईचा तर १८८८ चा. ग्रामपंचायतीत ग्रामसभेत उभं राहून सरपंचांना तोंडावर विचारता येतं. गावाची नगरपंचायत झाली की ती सोय जाते, आणि ती गेल्याचं लोकांना वर्षभराने कळतं. आमच्या शेजारच्या तालुक्यात तर नगरपंचायत झाल्याचे पेढे वाटले होते.

पहिलं काम: हद्द कोणाची ते काढा

अर्ज लिहिण्याआधी हे करा, नाहीतर सहा महिन्यांनी "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असं एका ओळीचं उत्तर हातात पडेल. हद्दीच्या घोळात काय होतं ते १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. वादळात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. पण जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, त्यामुळे परवानगी कोणी द्यायची आणि कारवाई कोणी करायची यावर दुर्घटनेनंतरही दोन्हीकडून बोटं दाखवली जात होती.

आपल्या गल्लीत एवढं मोठं काही नसतं, पण गुंता त्याच जातीचा. खांब बहुतेक वेळा महावितरणचा असतो, त्यावरचा दिवा पालिकेचा आणि दिव्याचं बिलही पालिका भरते. बसस्थानकाच्या आवारातला अंधार एसटी महामंडळाचा. गावातून जाणारा रस्ता राज्यमार्ग असेल तर त्यावरचा खड्डा आणि गतिरोधक सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ही त्यांची मदतवाहिनी आहे. गस्त पोलिसांची, तातडीला ११२. गटार, अंतर्गत रस्ते, कचरा, पाणी, अग्निशमन, धोकादायक इमारती आणि मोकाट जनावरं पालिकेकडे.

नव्या वसाहतींसाठी एक वेगळी मेख आहे: "ले-आउट हस्तांतरित नाही". बिल्डरने प्लॉट विकले, रस्ते आणि खुली जागा कागदोपत्री पालिकेला दिलीच नाही, आणि पालिका म्हणते हे रस्ते आमचे नाहीत. घरपट्टी मात्र घेते. तुमची वसाहत अशी असेल तर दिव्याचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी हस्तांतरणाचा विषय धरा. बांधकाम विभागात विचारा, "हा रस्ता पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का?" उत्तर तोंडी मिळालं तरी तारखेसह वहीत लिहून ठेवा.

दुसरं: तीन रात्री आणि एक शंभर पानी वही

"आमच्या भागात दिवे लागत नाहीत" हे वाक्य पालिकेत रोज येतं, त्याला किंमत नाही. आम्ही लागोपाठ तीन रात्री साडेआठ ते साडेनऊ फिरलो. खांबांवर रंगवलेले क्रमांक असतात, नसले तर जवळच्या घराची खूण लिहायची. वहीत अशा नोंदी झाल्या: खांब १, चालू. खांब ४, दिवा आहे, लागत नाही. खांब ५, फिटिंगच नाही, वायर लोंबते. खांब ८, पिठाच्या गिरणीसमोर, बंद.

ही वही इंजिनिअरसमोर ठेवली तेव्हा त्याचा सूर बदलला, कारण यातून त्याला बिघाड कळतो. एकच दिवा बंद असेल तर दिव्यातच दोष. एका खांबापासून पुढची अख्खी रांग बंद असेल तर वायर किंवा फेज. दिवसा दिवे चालू राहत असतील तर टायमरची पेटी बिघडलेली. पहिल्याला दुरुस्ती पुरते, दुसऱ्याला अंदाजपत्रक लागतं. आमच्याकडे खांब चारपासून पुढे सगळा अंधार होता, आठवर कोणीतरी गिरणीसाठी वेगळं कनेक्शन ओढलं होतं. दोन वर्षं बदललेले दिवे का टिकत नव्हते ते तिथे समजलं. वायरला मात्र हात लावू नका, फक्त पाहा आणि लिहा.

गटारीचंही तसंच. किती ढापे नाहीत, उघडा भाग किती फूट, खोली किती. आम्ही बांबू घालून मोजली, साडेतीन फूट भरली. तारखेचे फोटो काढले. मागच्या वर्षी तिथे पडलेल्या दोघांच्या उपचाराच्या कागदांच्या प्रती घेतल्या. त्या का महत्त्वाच्या, ते पुढे येईल.

गतिरोधक मागणार असाल तर मोजमाप माहीत हवं, नाहीतर रात्रीतून डांबराचा उंचवटा टाकून जातात आणि स्कूटरवरच्या म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडते. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक ३.७ मीटर रुंदी आणि मधोमध १० सेंटिमीटर उंची असं आहे, वर काळेपांढरे पट्टे, आणि ४० मीटर आधी सूचना फलक. "मानकाप्रमाणे" हा शब्द अर्जात घाला. गावातले निम्मे गतिरोधक या मापात बसणार नाहीत, तेही लक्षात येईल.

तिसरं: अर्ज

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. प्रती नगराध्यक्ष, बांधकाम समितीचे सभापती आणि प्रभागातले दोन्ही नगरसेवक यांना. एका अर्जात एकच जागा, एकच विषय. गटार, कुत्री, दिवे, पाणी आणि शेवटी "तसेच इतर समस्या" असा अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि पाचव्यावर झोपतो. आमचा अर्ज साधारण असा होता:

"विषय: बसस्थानकामागील नाल्यालगतच्या रस्त्यावर पथदिवे बसविणे व उघड्या गटारीवर ढापे टाकणेबाबत.
महोदय, सदर रस्त्यावरील खांब क्र. ४ ते १२ वरील दिवे बंद आहेत. तीन रात्रींची पाहणी सोबत जोडली आहे. रस्त्यालगतची गटार ६० फूट लांबीत उघडी असून खोली साडेतीन फूट आहे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्तीची सोय करणे हे अधिनियमाच्या कलम ४९ नुसार नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. तरी स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, बाकी अर्ज त्यासाठी आहे. आणि कलम ४९ नीट समजून घ्या. त्यात आवश्यक कर्तव्यं एका बाजूला आणि ऐच्छिक कामं दुसऱ्या बाजूला आहेत. दिवाबत्ती, साफसफाई, आग विझवणं, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त ही आवश्यक बाजूची. आवश्यक कर्तव्याला "निधी नाही" हे उत्तर ऐच्छिक कामाइतकं सहज देता येत नाही, हे टेबलावरच्या माणसालाही माहीत असतं.

सह्या तीस-चाळीस पुरेत, पण प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक आणि मालमत्ता क्रमांक लिहा. भाडेकरूंच्याही सह्या घ्या, रात्री त्या वाटेने तेच जास्त येतात.

अर्ज आवक-जावक टेबलावर द्यायचा, साहेबांच्या हातात नाही. साहेबांच्या हातात दिलेला कागद साहेबांच्या बदलीबरोबर जातो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. पोच नसेल तर पालिकेच्या लेखी तुम्ही आलाच नव्हता.

चौथं: फाइल कोणत्या टेबलावर आहे?

आठ-दहा दिवसांनी जाऊन "आमच्या अर्जाचं काय झालं?" विचारू नका, त्याला "चालू आहे" हे तयार उत्तर आहे. आवक क्रमांक सांगून "फाइल कोणत्या टेबलावर आहे?" विचारा. आवकवरून मुख्याधिकारी, तिथून विद्युत किंवा बांधकाम विभाग, कनिष्ठ अभियंत्याची स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मग लेखा विभागाचा शेरा की अमुक लेखाशीर्षात (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यात) तरतूद आहे, आणि मग सभेसाठी टिप्पणी, म्हणजे विषयाची लेखी माहिती. हा सगळा प्रवास कागदाने करायचा असतो आणि कागदाला पाय नसतात.

स्थळपाहणीला स्वतः हजर राहा, शक्य असेल तर संध्याकाळी. आमचा अभियंता दुपारी बाराला आला होता. दुपारी बाराला अंधार कसा दाखवायचा? आम्ही वही दाखवली, आणि गटारीत बांबू. त्याने बांबू स्वतः हातात घेऊन मोजलं, तेवढ्यावर अंदाजपत्रकात ढापे आले.

वेळेचंही पाहा. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीअखेर मंजूर होतो. तुमचं काम त्यात लेखाशीर्षाखाली यायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या आसपास गेला पाहिजे. मार्चमध्ये सगळे बिलं काढण्यात बुडालेले असतात, आणि आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात.

पाचवं: दोन नगरसेवक, एक सूचक आणि एक अनुमोदक

बहुतेक पालिकांवर तीन-चार वर्षं प्रशासक होते. सभागृहच नव्हतं, सगळे ठराव एका सहीने व्हायचे. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, आता विचारायला माणसं आहेत. नगरपरिषदेच्या प्रभागात साधारण दोन नगरसेवक असतात आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडलेला असतो.

प्रभागातले दोघं दोन पक्षांचे असतील तर फार चांगलं. एकाला सूचक (ठराव मांडणारा) व्हा म्हणा, दुसऱ्याला अनुमोदक (पाठिंबा देणारा). विषय एकाच पक्षाचा झाला की दुसऱ्याला तो अडवावासा वाटतो, दोघांचा झाला की दोघंही फलकावर आपलं नाव टाकतात. टाकू द्या. आमच्याकडे दिवे लागायच्या आधी अभिनंदनाचे दोन फ्लेक्स लागले होते, आणि त्यातला एक नेमका खांब सहावर.

नगरसेवकांना एक गोष्ट ठामपणे सांगा: विषय छापील विषयपत्रिकेवरच आला पाहिजे, "आयत्या वेळचे विषय" यात नको. आयत्या वेळच्या विषयाला टिप्पणी नसते, अंदाजपत्रक नसतं, आणि पुढे कोणी हरकत घेतली तर सगळ्यात आधी तोच उडतो.

सहावं: सभेत जाऊन बसा

सर्वसाधारण सभेची नोटीस ७ पूर्ण दिवस आधी काढावी लागते, विशेष सभेची ३ दिवस आधी, आणि ती पालिकेच्या फलकावर लागते. फलकाचा फोटो काढा. सभा सहसा लोकांना खुली असते. ही गोष्ट शिपायाला माहीत नसेल तर शांतपणे सांगा आणि मागच्या बाकावर बसा. बोलता येत नाही, टाळ्याही नाहीत.

पहिल्यांदा गेलात तर चक्रावाल. आमच्या सभेत चाळीसच्या वर विषय होते. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) वाचून कायम करणे. वाचलं कोणीच नाही, कायम झालं. मग "विषय दोन... मंजूर, विषय तीन... मंजूर" अशी गाडी सुटली. बाजार कराच्या ठेक्यावर मात्र पाऊण तास भांडण. आमचा विषय चौदावा. एक मिनिटही लागलं नाही. मी घरी फोन केला, "झालं मंजूर!" काकांनी विचारलं, "ठराव वाचलास?"

सातवं: ठरावाचे शब्द

सभेत तोंडी "मंजूर" म्हणतात, पण काम लिहिलेल्या ठरावावर होतं, आणि तो लिहिला जातो नंतर. म्हणून काही दिवसांनी जाऊन इतिवृत्त बघायचं. इतिवृत्ताची नोंदवही गावातल्या रहिवाशाला कार्यालयीन वेळेत पाहता येते, आणि साक्षांकित प्रत मागता येते.

आता शब्द बघा. "निधीच्या उपलब्धतेनुसार करण्यात यावे" असं असेल तर काम मंजूर आहे आणि होणार नाही. "तपासून योग्य ती कार्यवाही करावी" म्हणजे निर्णय झालाच नाही, मुख्याधिकाऱ्यांकडे परत पाठवला. "पुढील सभेत ठेवावा" याचा अर्थ कोणाचा तरी नकार आहे, पण तो उघड द्यायचा नाही. "दप्तरी दाखल" म्हणजे संपलं.

सगळ्यात फसवा शब्द "आवश्यक तेथे". आमच्या ठरावाच्या पहिल्या मसुद्यात हेच होतं: "शहरातील आवश्यक त्या ठिकाणी पथदिवे बसविणेस मंजुरी". यात आमची गल्ली कुठे आहे? कुठेच नाही. आवश्यक कुठे ते ठरवण्याचा अधिकार ठेकेदारापर्यंत खाली घसरतो आणि दिवे नव्या लॉनच्या, मंगल कार्यालयाच्या रस्त्यावर लागतात. नगरसेविका ताईंना तो कागद दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मी तर तुमच्याच रस्त्याचं बोलले होते!" बोलल्याही होत्या, आम्ही ऐकलं होतं. पण पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना त्यांनी दुरुस्ती मागितली तेव्हाच "बसस्थानकामागील नाल्यालगतचा रस्ता, खांब क्र. ४ ते १२" हे शब्द आले.

इतिवृत्त कायम करण्याचा तो कंटाळवाणा पहिला विषय असतो ना, दुरुस्तीची जागा तीच. म्हणून ठराव दोन सभांच्या मधल्या काळात वाचा. कायम झाल्यावर हात चोळत बसावं लागतं.

चांगल्या ठरावात चार गोष्टी दिसतात: कुठून कुठपर्यंत, किती नग, अंदाजपत्रकीय रक्कम, आणि लेखाशीर्ष. यातली शेवटची नसेल तर लेखापालाच्या टेबलावर फाइल थांबणार हे धरून चाला.

ठरावानंतर

मग प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मोठ्या रकमेच्या निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या. त्यात मुदत आणि दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात दिवा बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आमच्या गल्लीत हा कागद गणपतीच्या वर्गणीच्या वहीत चिकटवलेला आहे, म्हणजे हरवत नाही. काम चालू असताना ढाप्याची जाडी टेपने मोजायला लाजू नका. बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं, आणि पुस्तिकेत लिहिलेली जाडी जागेवरच्यापेक्षा जास्त असू शकते.

अडलं तर

महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, "का" ही माहिती नव्हे म्हणून परत येतं. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील कार्यालयीन टिप्पणीची प्रत, अमुक तारखेच्या सभेतील ठराव क्रमांकाची प्रत, त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत, असं मागा. माझ्या अनुभवात अर्ज दिल्याच्या आठवड्यातच फाइल हलते, उत्तर यायच्या आधी.

त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातला नगर प्रशासन विभाग, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, जिथे जिल्हाधिकारी तक्रारी ऐकतात. तिथे आयत्या वेळी कागद घेऊन जाऊन चालत नाही, अर्ज आधी द्यावा लागतो. सेवा हक्क कायद्याचा इथे फार उपयोग नाही. २०१५ चा तो कायदा दाखले, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांसाठी आहे, गल्लीतल्या दिव्यासाठी नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि वेळ घालवतात.

आता ते उपचाराचे कागद. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. चांगले, सुरक्षित रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे कोणी पडलं तर त्याच दिवशी जागेचा फोटो, दवाखान्याचा कागद आणि पोलीस ठाण्यात नोंद, हे तिन्ही करा. आणि आधी दिलेल्या अर्जाची पोच जवळ असेल, तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं पालिकेला म्हणता येत नाही. आमच्या पुढच्या अर्जात या आदेशाचा एका ओळीत उल्लेख केला. अभियंता दुसऱ्या दिवशी आला, या वेळी संध्याकाळी.

निर्णयच चुकीचा झाला तर

कधी पालिका काम करते, पण भलतंच. शाळेच्या भिंतीला लागून कचरा संकलनाची जागा ठरते, किंवा बाजारातलं महिलांचं एकमेव स्वच्छतागृह पाडून गाळे काढायचं मंजूर होतं. तेव्हा मोर्चाच्या आधी कलम ३०८ आठवा. पालिकेचा ठराव बेकायदेशीर असेल किंवा लोकांना त्रास, इजा होण्यासारखा असेल तर त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ठरावाची साक्षांकित प्रत, जागेचा नकाशा आणि आपलं म्हणणं दोन पानांत द्या. कार्यारंभ आदेश निघण्याआधी द्या, खोदकाम सुरू झाल्यावर सगळ्यांचे हात बांधले जातात.

मोकाट कुत्र्यांबाबतही लोक चुकीचा ठराव मागतात: "उचलून गावाबाहेर सोडा". २०२३ च्या प्राणी जन्मदर नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं त्याच जागी परत सोडायचं असतं, त्यामुळे असा ठराव टिकत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांसाठी वेगळी वागणूक सांगितली आहे, तिथली कुत्री हटवून परत तिथे सोडायची नाहीत. म्हणून मागणी करताना जागा कोणती ते लिहा, आणि निर्बीजीकरणाच्या ठेक्याला तरतूद किती तेही विचारा.

सीसीटीव्हीचा विषय आला की सभागृहात सगळे खूश असतात. तुम्ही तीनच प्रश्न द्या: चित्रण कोण बघणार, किती दिवस साठवणार, देखभालीचा करार किती वर्षांचा. खांबावर कॅमेरा आहे आणि वायर तुटलेली आहे, असं चित्र तुमच्याही चौकात असेल.

आमच्या रस्त्यावर शेवटी नऊ दिवे लागले, अर्जापासून मोजून अकरा महिन्यांनी. ढापे त्याआधी. बारावा खांब कडुनिंबाच्या फांद्यांत गेलाय, दिवा पेटतो पण उजेड खाली येत नाही. विद्युत विभाग म्हणतो, दिवा चालू आहे, आमचं काम झालं. फांदी छाटायची तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. तो गेल्या गुरुवारी दिला. पोच घेतली आहे, आवक क्रमांक वहीत लिहिलाय.